पाहुण्यांसाठी बांधलेली वाट

आमचा धंदा प्रश्न विचारण्याचा. लोकांच्या दारात जायचं, बसायचं आणि विचारायचं, तुमची अडचण काय? मग ती अडचण सरकारला कळेल अशा भाषेत लिहून काढायची आणि सरकारने ती वाचावी म्हणून त्याच्या मागे लागायचं. बिदर जिल्ह्यातल्या भालकीच्या बसस्टँडमागे दोन खोल्यांत आमचं अभ्यास मंडळ होतं. शाळा कुठं द्यावी, नर्स कुठल्या गावात ठेवावी, हातपंप कुठं मारावा, हे नकाशावर बोट ठेवून ठरवण्यापेक्षा गावाला विचारून ठरवावं असं म्हणणारे थोडे अधिकारी त्या काळात निघाले होते. ते आम्हाला काम देत. या कामाला इंग्रजीत भारदस्त नावं आहेत. आमच्या घरमालकीण बाई मात्र शेजाऱ्यांना सांगत, "ही पोरं गावोगाव हिंडून लोकांची गाऱ्हाणी गोळा करत्यात." त्याहून नेमकं नाव मला अजून सुचलेलं नाही.

आठवणी लिहिण्याचं माझं वय नाही. पण ते काम मी सोडलं आहे आणि दिवाळी अंकाच्या संपादकांनी नेमकी दुखऱ्या जागी टोचणी दिली, म्हणून लिहितो.

मी या धंद्यात पत्रकांच्या वाटेने आलो. बिदरच्या कॉलेजात असताना सायक्लोस्टाइलच्या शाईने माझी बोटं कायम काळी असत. वसतिगृहातल्या जेवणापासून बसच्या भाड्यापर्यंत कशाचाही जाहीर निषेध मी चहा निवायच्या आत लिहून देत असे. मंडळाचे प्रमुख एक निवृत्त प्राध्यापक होते. आम्ही त्यांना नुसतं सर म्हणायचो. माझा पहिला अहवाल वाचून ते म्हणाले, "यात उद्गारचिन्हं फार आहेत. उद्गारचिन्ह दिसलं की सरकार पान उलटतं."

मी उद्गारचिन्हं काढली. राग काही निघाला नाही. आजही निघालेला नाही.

बाहेरच्या माणसाला वाटतं, विचारलं की लोक सांगतात, त्यात काय एवढं. सांगत नाहीत. निर्णा गावच्या एका म्हातारबांना मी दवाखान्याबद्दल विचारायला गेलो. त्यांनीच मला विचारायला सुरुवात केली. गाव कंचं? वडील काय करत्यात? जिमीन हाय का? भाऊ किती? सगळं ऐकून घेतलं आणि आतल्या बाजूला तोंड करून ओरडले, "अगं, पोरगं बरं दिसतंय. च्या ठेव." त्यांच्याकडं लग्नाची पुतणी होती. दवाखान्याचं राहूनच गेलं. लोक प्रश्न बघून उत्तर देत नसतात, विचारणारा कोण ते बघून देतात, एवढं मी त्या दिवशी शिकलो. पुढं बोरवाडीत जे झालं त्यातून मी काय शिकलो, हे मात्र मला आजही धड सांगता येत नाही.

गावाचं नाव मी बदललं आहे. बोरवाडी म्हणू. भालकी तालुक्यातलं, काळ्या मातीचं, छोटं गाव. घरात मराठी आणि कन्नड दोन्ही. बरीचशी घरं बसवण्णांना मानणारी. गावाच्या आणि पक्क्या रस्त्याच्या मधे एक ओढा. ओढ्यापलीकडं मोठं गाव, तिथं हायस्कूल, बाजार, बस. बांधकाम खात्याकडं तेव्हा थोडे फरशी-पूल बांधायचं ठरलं होतं. फरशी-पूल म्हणजे कठडे नसलेला, बुटका, सिमेंटचा पूल. खालून नळातून पाणी जातं, पूर आला तर वरूनही जातं, पण पाय टिकतो. कुठल्या गावांना त्याची खरी गरज आहे ते शोधायचं काम आमच्याकडं आलं.

चावडीवर बैठक झाली. गावचे कारभारी बसप्पा अण्णा. वय झालेलं, पांढरंशुभ्र धोतर, कपाळावर विभूती, आवाज हळू. मी विचारलं, "अण्णा, गावाची अडचण काय?"

"अडचण काय असती? बसवण्णाच्या दयेनं सगळं हाय. च्या घ्या."

"ओढ्याला पाणी येतं ना पावसाळ्यात?"

"येतंय की. कमरंएवढं. आमी लहानपणापासनं त्यातनंच जायलोत."

"त्रास होत नाही?"

"पाण्याचा काय त्रास?" बाकीचे हसले. त्या चावडीवर बसून अहवाल लिहिला असता तर लिहावं लागलं असतं, की बोरवाडीला कशाचीच कमी नाही.

माझ्याबरोबर शांताक्का होत्या. आधी त्या सरकारी दवाखान्यात नर्स होत्या, आता आमच्या मंडळात. त्या चावडीवर बसल्याच नाहीत. त्या मला थेट पिठाच्या गिरणीवर घेऊन गेल्या. आमच्या धंद्यातली ही जागा कुठल्या पुस्तकात नाही, म्हणून सांगून ठेवतो. बायका घरात बोलत नाहीत, सासू असते. चावडीवर तर येतच नाहीत. गिरणीवर डबा रांगेत लावला की पीठ होईपर्यंत त्यांना तिथून हलता येत नाही आणि यंत्राच्या आवाजात त्यांचं बोलणं बाहेर उभ्या असलेल्या दिराला ऐकू जात नाही. खरं बोलायला एवढी सोय पुरते.

शांताक्कांनी ओढ्याचा विषय काढला. बायका म्हणाल्या, हाय की पाणी, कमरंएवढं. तेच उत्तर. तेवढ्यात कोपऱ्यातली एक मुलगी पुढं आली. भुवयांवर पीठ बसलेलं. आठवीतली सुनंदा, बसप्पा अण्णांची नात.

"कमरंएवढं पाणी हाय म्हंतोय आज्जा," ती म्हणाली. "आज्जाला धोतर वर घेता येतंय. मी काय वर घेऊ?"

बायका फिसकन हसल्या.

"पोरं कापडं काढून दप्तरासंगट डोक्यावर घेत्यात अन् जात्यात पल्याड. आमी काठावर बसून त्यास्नी बघत बसावं का? मास्तर म्हंत्यात, पोरींची हजेरी न्हाई. पाणी उतरंपतोर सहामाई निघून जाती. मग घरचे म्हंत्यात, नापासच हुणार हाईस तर जायचं कशाला."

"गप गं भवाने," एक बाई म्हणाली. "साहेबाम्होरं काय बोलायलीस."

"मग कुणाम्होरं बोलू?" सुनंदानं विचारलं आणि माझ्याकडं वळली. "साहेब, तुमी लिवून न्हेल्यावर पाणी कमी हुतंय का?"

मी म्हणालो, "पाणी नाही कमी होत. पूल होतो."

हे वाक्य मी पत्रकवाल्याच्या खात्रीनं बोललो होतो. तेव्हा माझा त्यावर पूर्ण विश्वास होता.

अहवालात आम्ही बोरवाडी पहिल्या क्रमांकावर ठेवली. सरांनी माझी भाषा खाली आणली, पण ओढा मुलांना पाणी आहे आणि मुलींना भिंत, हे वाक्य त्यांनी तसंच ठेवलं. "हे राहू दे," म्हणाले. त्यांच्याकडून याहून मोठी शाबासकी मला कधी मिळाली नाही.

पण अहवालाने पूल होत नाही. अहवालानंतर खात्याचा अधिकारी येऊन जागा बघतो, त्याला स्थळपाहणी म्हणतात. आणि सरकारी स्थळपाहणी उन्हाळ्यात होते, कारण पावसाळ्यात गावाला जायला रस्ते नसतात. म्हणजे ज्या कारणासाठी पूल पाहिजे, त्याच कारणासाठी साहेब पूल हवा का ते बघायला येऊ शकत नाहीत! (हे एक उद्गारचिन्ह सरांची क्षमा मागून ठेवतो.) वैशाखात कोरड्या ओढ्यात उभं राहून साहेब विचारतात, इथं पूल कशाला? वैशाखात आमच्या जिल्ह्यातल्या प्रत्येक ओढ्यातून चालत जाता येतं.

मी पत्रक काढलं. कोरड्या ओढ्यात पूर शोधणारे साहेब, असं त्याचं नाव ठेवलं आणि बिदरच्या कचेरीच्या फाटकात उभा राहून येणाऱ्या-जाणाऱ्याच्या हातात दिलं. सर संतापले. "तू मंडळाचा माणूस आहेस की फेरीवाला?" पण खात्यात नवीन आलेल्या बंगळुरूकडच्या साहेबांनी ते कुणाकडून तरी वाचून घेतलं. आम्हाला बोलावलं, हसले आणि म्हणाले, ठीक आहे, भाद्रपदात येतो, पाणी असताना येतो. मी कचेरीच्या पायऱ्या उड्या मारत उतरलो. धंद्यातला माझा तो सगळ्यात मोठा विजय. सरकारला भर पावसाळ्यात चिखलाच्या काठावर आणून उभं करायचं, यापेक्षा जास्त काय पाहिजे?

साहेब यायच्या आधी मी बोरवाडीला निरोप द्यायला गेलो. पँट गुडघ्यावर घेऊन, चपला हातात धरून ओढा ओलांडला. काळ्या चिखलात पाय पोटरीपर्यंत रुतत होता आणि मला त्याचा आनंद होत होता. म्हटलं, शाब्बास, असाच राहा.

अण्णा ओसरीवर होते. मी सांगितलं, "अण्णा, साहेब जीप घेऊन येणार आहेत. ओढ्याला काही करू नका. आहे तसा राहू द्या."

"हाय तसा म्हंजे?"

"म्हणजे चिखल, पाणी, सगळं."

"अन् जीप?"

"रुतेल. रुतू द्या. साहेबाला खाली उतरू द्या."

"साहेबाला चिखलात उतरवायचं?"

"उतरवायचं."

"कामून?"

"त्याशिवाय त्याला कळणार नाही अण्णा."

"तुमच्या घरी पाव्हणा येतो तवा तुमी असंच करताव का?"

"तो पाहुणा नाही. तो पाहणी करायला येणार आहे."

"आमच्या गावात येणार, आमच्या घरी जेवणार. मग पाव्हणाच की." एवढं बोलून ते उठले आणि आत चहाचं सांगायला गेले. होही म्हणाले नाहीत, नाहीही म्हणाले नाहीत. त्यांच्या मागं सुनंदा दाराच्या चौकटीला टेकून उभी होती. तिनं मला डोळ्यांनीच विचारलं, काय झालं? मी मान हलवली, सगळं ठीक. ती आता नववीत गेली होती. तिच्या गेल्या वर्षीच्या हजेरीकडं मास्तरांनी डोळेझाक करून तिला वर घातलं होतं आणि या वर्षी तसं करता येणार नाही, असं बजावलंही होतं.

पाहणीच्या दिवशी जीपमध्ये पुढं साहेब, मागं सर आणि मी. आदल्या दिवशी पाऊस झाला होता. आभाळ भरलेलं. मी खूश होतो. पक्का रस्ता सोडून आम्ही ओढ्याच्या उतारावर आलो आणि मला माझ्या डोळ्यांवर विश्वास बसेना.

दोन्ही काठ खणून उतार सपाट केलेला. पाण्यात या टोकापासून त्या टोकापर्यंत दगड बसवलेले, वर बाभळीच्या फांद्या, त्यावर मुरूम, पुन्हा दगड. पाणी त्यावरून बोटभर वाहत होतं. दोन्ही बाजूंना वेळू रोवून आंब्याच्या पानांचं तोरण लावलेलं. आणि तोरणाखाली सगळी बोरवाडी, धुतलेल्या कपड्यांत, हात जोडून उभी. गावातल्या प्रत्येक घरातला माणूस त्या कामावर राबला असणार. बाहेरच्याला ते दिसणार नाही, पण मला अण्णांच्या नखांतली काळी माती लांबूनही दिसली.

जीप डुलत डुलत पलीकडं गेली. साहेबांच्या बुटाला थेंब लागला नाही.

"एवढंच ना?" साहेब कन्नडमध्ये म्हणाले.

मी जीपमधून उडी मारली. "साहेब, ही वाट नाही. ही तुमच्यासाठी बांधली आहे. परवापर्यंत इथं काही नव्हतं. मी स्वतः चिखलातून गेलोय."

साहेब अण्णांकडं वळले. "काय यजमान? हे आत्ताच बांधलंय का?"

सगळं गाव अण्णांकडं बघायला लागलं. मीही. सर मात्र जमिनीकडं बघत होते.

"न्हाई साहेब," अण्णा हळू आवाजात म्हणाले. "आमच्याकडं वाट अशीच असती."

"अण्णा!" मी ओरडलो. "खोटं कशाला बोलताय? कुणीतरी सांगा ना! तुम्ही सांगा, गुंडप्पा. तुम्ही दगड वाहिले की नाही?"

गुंडप्पा अण्णांच्या शेजारी राहणारा, जन्मभर गप्पिष्ट म्हणून ओळखला गेलेला माणूस. तो म्हणाला, "कंचे दगड?"

"हात दाखवा अण्णा," मी म्हणालो. "तळहात दाखवा साहेबांना."

अण्णांनी हात पुढं आणले, जोडले आणि साहेबांसमोर वाकले. "शरणु साहेब. बर्री, आत चला. हुग्गी केल्याय. निवून जाईल."

साहेब हसले. मला म्हणाले, "तुमचं पत्रक मी वाचून घेतलंय. छान लिहिता."

अण्णांच्या ओसरीवर सुनंदा तांब्या घेऊन आली, पाहुण्याच्या पायावर पाणी घालायला. साहेबांनी बूट काढले. पाय स्वच्छ होते. तरी तिनं पाणी घातलं. साहेबांनी विचारलं, शाळेला जातेस का? तिनं आधी आजोबांकडं बघितलं, मग माझ्याकडं.

"जाते," ती म्हणाली. त्या दिवशी ते खरं होतं. तोरणाखालून त्या दिवशी कुणीही शाळेला जाऊ शकलं असतं.

जेवण फार सुंदर होतं. तूप घातलेली हुग्गी, म्हणजे गव्हाची खीर, भाकरी, शेंगदाण्याची चटणी, भरलेली वांगी. मी भाकरी नुसती कुस्करत बसलो. गुंडप्पाच मला आग्रह करत होता. "घ्या की साहेब. रागावलाव व्हय?"

भालकीला उतरल्यावर सर म्हणाले, "तू त्यांना त्यांच्या पाहुण्यासमोर खोटं पाडायला निघालास. मग त्यांनी तुला पाडलं. दुसरं काय करतील?"

"पण सर, पूल त्यांचा आहे!"

"आणि पाहुणाही त्यांचाच होता."

इथं मला त्या साहेबांबद्दल बोलायचं आहे. पत्रकात लिहायचो तेवढंच स्पष्ट बोलतो. ज्या माणसाचं सगळं शिक्षण दगड, माती आणि पाणी यात झालं आहे, त्याला ताजा मुरूम ओळखता येत नाही हे मी मानत नाही. बाभळीची पानं अजून हिरवी होती. ते त्याला दिसलं. त्याला हेही दिसलं की इथं न बघणं सोपं आहे. गाव स्वतःच म्हणतंय ना, वाट अशीच असते? मग लोकांच्या म्हणण्याला मान द्यायला नको का? लोकांना विचारून ठरवा, असं आम्हीच तर सांगत होतो. आमचं हत्यार त्यानं हसत हसत आमच्या हातातून काढून घेतलं. पाहणीचा निकाल आला, की सध्याची वाट वाहतुकीस योग्य आहे.

पूल दुसऱ्या एका गावाला मिळाला. त्या गावात दोन तट होते. एका तटानं पाहणीच्या आधी वाट दुरुस्त करायला घेतली तर दुसऱ्यानं कुदळी हिसकावून घेतल्या. त्यामुळं तिथं साहेबांची जीप चाकांच्या वर रुतली. साहेब चिखलात उतरले आणि त्यांना सगळं कळलं. त्या गावालाही पुलाची गरज होती, माझं त्यांच्याशी भांडण नाही. पण एकदिलानं राबलेल्या गावाला काही नाही आणि भांडलेल्या गावाला पूल, हा हिशोब मला आजपर्यंत पचलेला नाही.

गणपती उठल्यावर मोठा पाऊस झाला. बोरवाडीची वाट एका दुपारीत वाहून गेली. दगड खालच्या वळणावर जाऊन पडले. मी पुन्हा अर्ज केला, आम्ही पुन्हा कचेरीत गेलो. कारकून म्हणाला, पाहणी झालेली आहे. एकदा पाहिलेलं पुन्हा पाहता येत नाही.

दसऱ्याच्या सुमारास मी बोरवाडीला गेलो. अण्णा ओढ्याच्या काठावरच भेटले. म्हैस धुवायला आणली होती. सुनंदाचं विचारलं.

"नाव कमी झालं साळंतनं," ते म्हणाले. "उदगीरकडचं एक स्थळ आलतं. न्हाई पटलं. आता दुबलगुंडीकडचं बघायलोत."

"अण्णा, ती नववीत आहे."

"हुती."

म्हैस पाण्यात बसली. माझ्याच्यानं राहवलं नाही. "त्या दिवशी खरं सांगितलं असतं तर पूल झाला असता."

"पाव्हण्यासाठी केल्यालं पाव्हण्याला सांगत नसत्यात," अण्णा म्हणाले. हे ते अशा आवाजात म्हणाले, जणू मी बिनबापाचं पोर असल्यामुळं मला हे कुणी शिकवलेलं नसावं. मग त्यांनीच विचारलं, "तुमी शिकलेले हाव. मला सांगा, वड्यावर पूल पायजे का ते बघाय आलेला माणूस पाव्हणा असतोय का नसतोय?"

"नसतो अण्णा. तो नोकर असतो. तुमचा नोकर."

"मग नोकरावानी यायचं हुतं," अण्णा म्हणाले. "जीपमधनं कामून आला?"

लोकांना विचारून सेवा द्याव्यात यावर मी पुष्कळ लिहिलं, भाषणं ठोकली, खात्याच्या लोकांना शिकवायलाही गेलो. आणि त्या सगळ्याच्या पोटात हा प्रश्न तसाच पडून आहे. म्हैस वर आली. अण्णांनी दोरी हातात घेतली आणि चालता चालता, माझ्याकडं न बघता म्हणाले, "पोरगी दोन दिस जेवली न्हाई, नाव कमी झालं तवा." मग एवढंच म्हणाले, "हुशार हुती."

सरांनी त्यानंतर मंडळाला नियम घालून दिला. पाहणीला जाताना कुणाचा पाहुणा व्हायचं नाही. दिवस आधी कळवायचा नाही. भाकरी आपली बांधून न्यायची, चहा घ्यायचा नाही. आम्ही तसं करून बघितलं. चहा नको म्हटलं की घरचा चेहरा बंद होतो. "आमच्या हातचं चालत न्हाई व्हय?" असं एका बाईनं विचारलं तेव्हा मला जमिनीनं गिळावं असं वाटलं. चहा घेतला तर लोक तुमच्यापासून आपली कमी झाकतात. नाही घेतला तर तोंडच उघडत नाहीत. गिरण्या तेवढ्या राहिल्या. पण पाहणीला येणारे साहेब गिरणीवर जात नाहीत.

सर गेले, मंडळ मोडलं, शांताक्का लेकीकडं हुमनाबादला राहायला गेल्या. मी एकटाच खात्यांसाठी हे काम करत राहिलो. मी काम सोडायच्या थोडं आधीची एक भेट सांगतो आणि थांबतो.

दुबलगुंडीच्या पलीकडं एका वस्तीवर आम्ही पिण्याच्या पाण्याबद्दल विचारत फिरत होतो. या वेळी पाणीपुरवठा खात्याचेच एक साहेब बरोबर होते, त्यामुळं जीप होती आणि वस्तीला दिवसही आधी कळवलेला होता. एका घरापुढं थांबलो. सासू बाजेवर बसलेली. डोक्यावर घागर, कडेवर मूल घेतलेली एक बाई बांधावरून घाईनं येताना दिसली. जवळ आली तेव्हा मी ओळखलं. तिनं तर मला जीपमधून उतरतानाच ओळखलं असणार.

घागर उतरवून तिनं त्यातलंच पाणी दोन पेल्यांत ओतलं आणि आमच्यापुढं धरलं. लांबून आणलेलं पाणी होतं. पदर भिजला होता, धाप लागलेली होती. साहेब दोन घोट प्यायले आणि उरलेलं अंगणात शिंपडलं.

मी म्हणालो, "सुनंदा, बरी आहेस?"

"बरी हाय." मग सासूकडं बघून, "आमच्या आज्जाच्या वळखीचे हाईत."

साहेब माझ्याकडं बघत होते, विचारा म्हणून. विचारणं हे माझं काम होतं. मी विचारलं, "पाण्याची काय अडचण आहे इथं?"

गिरणीवर पीठ उडालेल्या भुवया वर करून बोलणारी ती मुलगी मला त्या वेळी हवी होती. एक शब्द बोलली असती तरी मी तो धरून ठेवला असता. सुनंदानं मुलाला दुसऱ्या कडेवर घेतलं. डोक्यावरचा पदर नीट केला.

"अडचण काय असती?" ती म्हणाली. "सगळं हाय. बसा, च्या ठेवते."

"सुनंदा," मी हळूच म्हणालो, "खरं सांग."

ती चुलीकडं निघाली होती. थांबली. बांधाकडं तिनं एकदा बघितलं. तिथं काटेकुटे बाजूला करून, ओली माती टाकून जीपपुरती वाट नीट केलेली होती. आमच्याचसाठी, आजच सकाळी.

"जीप आली न्हवं तुमची दारापतोर?" ती म्हणाली. "मग झालं की."